मंगलाताईंचा बार्बेक्यू सॉस

किस्से काही कोणी जमवायला बसत नाही. अमरावतीत आमच्या कॉलनीत आम्ही तिघी दुपारी बसलो, की चहा उकळेपर्यंत एक निघतो आणि तो संपायच्या आत दुसरीला तिचा आठवतो. यंदा मात्र सगळे किस्से एकाच पातेल्यातून निघाले. पातेलं मंगलाताईंचं. त्यांना घरी बार्बेक्यू सॉस करायचा होता, तोही प्लांट-बेस्ड, म्हणजे फक्त वनस्पतींपासूनचा. आता ऐका.

*

सुरुवात सुनेपासून. मंगलाताईंचा निखिल पुण्याला नोकरीला, तिथलीच रेवती त्याने केली. मुलगी व्हीगन आहे, असं त्याने आधीच फोनवर सांगितलं होतं. मंगलाताईंना वाटलं, एखादी पोटजात असेल. "आपल्यात चालते काय वो?" असं त्यांनी मला हळूच विचारलंही.

पहिल्या सणाला रेवती आली तेव्हा कळलं. बासुंदी नको, कढी नको, दह्यातली कोशिंबीर नको, चहासुद्धा नको. ताईंनी रांध रांध रांधलं आणि पोरगी काकडी-मुरमुरे खाऊन परत गेली. मंगलाताई माझ्याकडे येऊन रडल्या. "माह्या हातचं काईच खाल्लं नाई वो तिनं. पाहुण्यावानी आली न पाहुण्यावानी गेली."

मग निखिल म्हणाला, "आई, तिले बार्बेक्यू सॉस लय आवडते." दिवाळीला दोघं येणार होते. तो सॉस आपल्या हातचा व्हावा आणि रेवतीने तो खावा, एवढंच बाईंना हवं होतं.

*

आधी नमुना पाहिजे म्हणून बाजारातून एक बाटली आणली. मंगलाताईंचे मिस्टर, भाऊसाहेब, गळ्यात तुळशीची माळ घालणारे. घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. त्यांना सॉस फार आवडला. सकाळ-संध्याकाळ भाकरीला लावून खाल्ला, बोट घालून बाटली पुसली.

बाटली रिकामी झाल्यावर निखिलने व्हिडिओ कॉलवर तिच्यामागचं बारीक अक्षर वाचलं. त्यात मासोळी होती.

भाऊसाहेब उठले. अंगावरच्या कपड्यांनिशी अंगणातल्या नळाखाली जाऊन बसले. बऱ्याच वेळाने निथळत घरात आले आणि एवढंच म्हणाले, "लोक मासोळी काऊन खातात, ते आता समजलं."

*

मग घरीच करायचं ठरलं. टमाटे, गूळ, चिंच, लसूण, मोहरी, लाल तिखट, व्हिनेगर. निखिल फोनवरून सांगत होता, ताई ढवळत होत्या, आणि मी शाळेत विज्ञान शिकवायची म्हणून माझ्याकडे देखरेख.

आमच्यातली तिसरी कुमुद. माहेर अकोल्याचं, आणि जीभ अशी की समोरच्याला पाणी लागतं. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. "हे तं टमाट्याची चटणी हाय. माही माय करे. तिनं कधी प्लांट-बेस्ड म्हणून गाजावाजा केला नाई."

तिला गप्प केलं, तर निखिलने नवीन काढलं. "आई, स्मोकी लागला पायजे. धुराचं पाणी मिळते बाटलीत, ते टाकतात."

भाऊसाहेब पेपरमागून बोलले, "धुरानं डोळे जाऊन राहिले होते म्हणून गॅस आणला. आता धूर इकत आणा."

*

धुरावर तोड कुमुदने काढली. आमच्याकडे शेतात पंगत असली की रोडगे करतात, म्हणजे कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. त्या रोडग्यांचा धूर ज्याने खाल्ला, त्याला बाटलीतला कशाला हवा? गच्चीवर गोवऱ्या पेटवल्या, पातेलं त्यात ठेवलं.

वास कॉलनीभर गेला. थोड्याच वेळात लोक जिना चढून यायला लागले, हातात ताटं-वाट्या. रोडगे आहेत आणि आपल्याला आवतन नाही, याचा राग प्रत्येकाच्या तोंडावर. मंगलाताई सांगत होत्या, "रोडगे नाई वो, सॉस हाय." कोणाचा विश्वास बसेना. शेवटी मंडळींनी घरून पोळ्या आणल्या, अर्धा सॉस खाल्ला आणि वांगे कुठे लपवले असं विचारत खाली उतरली.

*

उरलेल्या अर्ध्याचं मी वाटोळं केलं. मला शंका आली, की गोवरी प्लांट-बेस्ड धरायची का? गाय तर प्राणी. मंगलाताईंचा हात ढवळता ढवळता थांबला.

मीच सावरून घेतलं. म्हटलं, गाय चारा खाते, चारा म्हणजे झाडपालाच, तेव्हा शेण शास्त्रशुद्ध प्लांट-बेस्ड आहे.

कुमुद म्हणाली, "मंग दूधही चाऱ्याचंच की. बासुंदीनं काय पाप केलं?"

बी.एस्सी. करून, तीस वर्षं खडू झिजवून, मी शेवटी गोवऱ्यांवर पाणी ओतलं. सॉस भाऊसाहेबांच्या ताटात गेला. दुसऱ्या दिवशी ते नांदगाव खंडेश्वरच्या शेतातून गेल्या सालच्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, मोटरसायकलला बांधून घेऊन आले. त्या धुराचा सॉस निखिलनेही फोनवरून पास केला.

*

दिवाळीला पोरं यायच्या दिवशी ताजा सॉस चढवला. रंग आला, वास आला. शेवटी शेवटी तो खाली लागायला लागला आणि मंगलाताईंच्या हाताने, त्यांना न विचारता, शेजारच्या डब्यातलं चमचाभर तूप त्यात सोडलं. सवयच ती. तूप विरघळलं तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला.

"एका चमच्यानं काय होते?" कुमुद कुजबुजली. "कोणाले समजते?" खरं सांगते, मीही मान डोलावली.

पानं मांडली. भाकरी, तेलातली भरली वांगी आणि मधोमध सॉसचं भांडं. भाऊसाहेबांनी वाट न पाहता सुरुवात केली होती. रेवतीने वास घेतला, डोळे मिटले. "आई, हा तुम्ही केला? घरी?" तिने भाकरीचा तुकडा बुडवला आणि तोंडाकडे नेला.

मंगलाताईंनी तिचा हात धरला. "नको खाऊ. तूप पडलं त्यात माह्या हातून."

निखिलने कपाळाला हात लावला. रेवती ताईंकडे बघत राहिली. "आई, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंसुद्धा नसतं."

"तुले नसतं समजलं," मंगलाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मले तं समजलं असतं."

रेवतीने तुकडा खाली ठेवला, हात धुतला आणि ओढणी कमरेला खोचली. "चला, परत करू. मी ढवळते. तुम्ही नुसत्या बाजूला बसून सांगा."

दोघी आत गेल्या. टमाटे चिरल्याचा आवाज यायला लागला, मग रेवतीचं हसणं, मग चक्क मंगलाताईंचं.

भाऊसाहेबांनी सॉसचं भांडं आपल्याकडे ओढलं आणि आतल्या दिशेने आवाज दिला, "सावकाश करा वो. इतक्या दिवसांत हे आज पयल्यांदा खाण्यासारखं झालं."