पेटीत न बसणारा सूर

माणिकरावांच्या घरात कुठलंही वाद्य आलं, की ते आधी पेटीला मिळवायचं. हा त्या घरचा कायदाच होता. मोताळ्याच्या बाजारात त्यांचं शिलाईचं दुकान. पण रोहिणखेडमध्ये माणसं त्यांना ओळखायची ती गायन पार्टीचे पेटीमास्तर म्हणून. जयंती असो, लग्न असो की कुणाच्या मरणानंतरचं पुण्यानुमोदन, माणिकरावांनी पट्टी दाबून मान हलवल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. ढोलकीवाला भागवत तर म्हणायचा, मास्तरांपुढे शिंक आली तरी आधी सूर पाहावा लागते.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा, संघर्ष, पुण्याला शिकायला गेला आणि पंक रॉकच्या बँडमध्ये शिरला. एका सुट्टीत तो चार जाड तारांची लांबलचक बेस गिटार खांद्याला अडकवून घरी आला, ओसरीत बसून धडाधड वाजवू लागला. माणिकराव हातातली कैची ठेवून बाहेर आले.

"हे काय वाजवून राह्यला बे? तारा ढिल्ल्या हायेत तुह्या. पहिले पेटीले मिळव."

"मुद्दामच ढिल्ल्या केल्या, बाबा. आमचं गाणं पेटीत बसत नाही."

"पेटीत बसत नाही ते गाणंच नव्हे."

संघर्ष हसला, गिटार पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी गेला. भांडण असं झालंच नाही, आणि म्हणूनच ते मिटलंही नाही. पुढे फोनवर बापलेक पाऊसपाणी, तब्येत एवढंच बोलायचे. गाण्याचा विषय दोघंही टाळायचे.

मग पुण्यात एका ट्रकनं संघर्षच्या मोटरसायकलला उडवलं.

त्याच्या कपड्यांबरोबर गिटारही घरी आली. घर माणसांनी भरलेलं, संघर्षच्या आईला, बेबीताईंना, बायांनी धरून बसवलेलं. माणिकरावांना रडू येईना आणि हातांना काही करायला मिळेना. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, पेटीचा भाता ओढला आणि एकेक खुंटी पिळत चारही तारा पट्टीवर आणल्या. कुणी त्यांना अडवलं नाही. बिचारा बाप, त्याला काय म्हणणार?

पुढे कधीतरी त्यांनी पोराची गाणी मोबाइलवर लावली. पहिल्यांदा नुसता गलका वाटला. पण शिलाईच्या दुकानात दिवसभर तोच गलका ऐकता ऐकता त्यातले शब्द सुटे झाले. एका गाण्यात घरमालक खोली दाखवतो, नळ दाखवतो, खिडकी दाखवतो आणि मग विचारतो, "आडनाव काय?" पुढे सगळा बँड तेवढंच ओरडत राहतो: आडनाव काय, आडनाव काय! माणिकरावांनी मशीन थांबवली. जन्मभर ते पेटीवर जातीविरुद्ध जे गात आले, तेच तर पोरगा ओरडत होता. आणि पुण्यात खोली मिळायला इतका वेळ का लागला, हे त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी त्यांनी बेबीताईंना सांगितलं, "पहिल्या स्मृतिदिनाले त्याचं हे गाणं मी वाजवीन. त्याच्याच गिटारीवर."

"तुमाले जमन काय?" बेबीताई म्हणाल्या. "बोटं पाहा आपली."

बोटं खरंच गेली कामातून. पेटीच्या पट्ट्या हळुवार दाबणारी बोटं त्या जाड तारांवर सोलून निघाली. वेग तर असा, की मोटारीमागे पळल्यासारखं वाटायचं. तरी हळूहळू चाल हातात बसली. बसत नव्हता तो सूर. मोबाइलमधली गिटार नेहमी किंचित खाली वाजायची. माणिकराव कॅसेटच्या जमान्यातले. टेप ओढली गेली की आवाज खाली येतो, हे त्यांना पाठ. मोबाइलही जुना झाला असेल म्हणून त्यांनी त्यालाच शिव्या घातल्या.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी बँडमधली ड्रम वाजवणारी करिष्मा पुण्याहून रेल्वेनं नांदुऱ्याला आणि तिथून बसनं रोहिणखेडला आली. चहा तसाच ठेवून ती भिंतीवरच्या गिटारीकडे गेली. तारेवर अंगठा फिरवला आणि थबकली.

"काका, ही कुणी लावली?"

"मीच. ढिल्ली होती ना, पेटीले मिळवली."

करिष्मानं तारेवरचा अंगठा काढून घेतला. माणिकरावांनीच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, "आमच्या गिटारवाल्याकडे जुनी, वाकलेली गिटार होती. ती वर चढायचीच नाही. म्हणून संघर्ष आपली गिटार तिच्यापर्यंत खाली आणायचा. शेवटच्या कार्यक्रमाला त्यानं जशी लावली, तशीच ती तुमच्याकडे पाठवली होती."

माणिकरावांनी गिटार भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतली. त्या खुंट्यांवर शेवटचा हात पोराचा होता, आणि तो त्यांनी पिळून काढून टाकला होता. जिवंतपणी पोरानं जे ऐकलं नाही, ते तो मेल्यावर बापानं करून घेतलं होतं. वर्षभर साठलेलं रडू तेव्हा आलं. बेबीताई चुलीपासून धावत आल्या.

मग करिष्मानं गाणं लावलं आणि माणिकराव खुंट्या सैल करत गेले. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध, जिथं कुठलीच पट्टी नसते, तिथं तो सूर सापडला. जुळला, पण आता तो बापाच्या हातचा होता.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली, खीर वाटली, पार्टीनं दोन गीतं म्हटली. मग माणिकरावांनी पेटीचं झाकण लावलं, पार्टीच्या स्पीकरला गिटार जोडली. करिष्मानं उलट्या डब्यावर ताल धरला आणि ओरडायलाही तीच पुढे झाली. मधे दोनदा बोट चुकलं, पण गाणं तडीस गेलं. मंडपात सगळे अवघडून बसले होते. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.

भागवत जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, तारा उतरल्या वाटते. जराशा पेटीले मिळवून घ्या."

माणिकरावांनी चारही खुंट्या हातानं झाकून धरल्या.

"उतरल्या नाहीत, भागवत," ते म्हणाले. "माह्या पोराचा सूर तसाच हाय."