आ ला कार्टची पाटी आणि दशरथभाऊ

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे लिहायचा अधिकार आपल्याला आहे का, ही शंका अजून जात नाही. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण हा प्रसंग मी स्वतः निस्तरला आहे, म्हणून लिहितो.

गिऱ्हाईक पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रश्श्याच्या वाटीकडे बोट दाखवत होतं. ही मी मागवलीच नाही, मग बिलात कशी, असं त्याचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं.

पुलगाव स्टेशनसमोरच्या भोजनालयात मी सकाळी मॅनेजर असतो. दुपारी पॅसेंजरने वर्ध्याला, बी.ए.च्या वर्गात. आमच्या शेठजींनी नागपूरचं एक हॉटेल पाहून आल्यावर थाळी बंद केली आणि माझ्याकडून 'आ ला कार्ट' अशी पाटी रंगवून घेतली. आता कार्ड वाचायचं, हवा तोच पदार्थ मागवायचा, प्रत्येकाचा दर वेगळा.

वाढपी दशरथभाऊ जवळच्या आंजी गावचे. हयात लग्नाच्या पंगतीत वाढण्यात गेलेली. वाटी रिकामी दिसली की त्यांचा हात आपोआप चालतो. आठवड्यातली ही तिसरी तक्रार होती. आणखी एक आली की दशरथले सुटी, असं शेठजींनी सांगून टाकलं.

"पाव्हण्याची वाटी रिकामी अन् मी कारड पाहत राहू?" दशरथभाऊ मला म्हणाले. "मले नाई जमत गा."

"नोकरी जाईन न, भाऊ."

"मंग या वयात मले कोन ठेवते, तेही सांग."

दुपारी कॉलेजात इंग्रजीच्या सरांना पाटीवरच्या 'आ ला कार्ट'चा अर्थ विचारला. पाटी रंगवणारा मीच, म्हणून विचारताना लाज वाटली. सर म्हणाले, शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'कार्डाप्रमाणे'. त्याआधी तिकडच्या खाणावळींत प्रवासी मालकाच्याच टेबलाला बसत आणि त्या दिवशी शिजलेलं ठरल्या दरात जेवत. त्या पद्धतीला 'ताब्ल दोत' म्हणतात, म्हणजे यजमानाचं टेबल.

म्हणजे आपली थाळीच. मी दुसऱ्या दिवशी शेठजींना तसं सांगितलं.

"म्हंजे आपला दशरथ फ्रेंच निंगाला काय?"

मी हसलो नाही. मोठ्या हॉटेलांत दोन्ही पद्धती चालतात, हे सरांना विचारून घेतलं होतं. खिडकीकडची चार टेबलं कार्डाची ठेवू, आतली थाळीची, आणि आत दशरथभाऊच वाढतील, असं सुचवलं. शेठजींनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "तू परीक्षेले चालला. तू येईपर्यंत पाह्यतो. नाई जमलं त दशरथ घरी."

परीक्षेपुरता मी वर्ध्याला एका खोलीवर राहायला गेलो. माझ्यापुरतं एक ठरवलं: पाटी रंगवण्याआधी अर्थ विचारायचा. त्यात रंगही वाया जात नाही.

शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी शेठजींचं पोस्टकार्ड आलं. दशरथ कायम. थाळीवाल्यांना आत जागा पुरत नाही, म्हणून खिडकीकडची दोन टेबलंही त्यालाच दिली.