पाहुण्यांच्या दारातले पंपशू

माझ्या लग्नात घातलेला जोडा नमुना म्हणून पुण्याला पाठवून मी बेचाळिसाव्या वर्षी नवे पंपशू करून घेतले. चूक एवढीच. तिच्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही. पुण्याच्या दुकानदारानं नमुन्याबरहुकूम, सुताचाही फरक न करता जोडे पाठवले होते. फरक झाला होता तो पायांत, आणि पाय मी नमुन्याबरोबर पाठवले नव्हते.

मधल्या वीसेक वर्षांत माझ्या पायांत आमवात मुक्कामाला आला होता. दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी आल्याच्या गड्ड्यासारख्या गाठी धरल्या होत्या आणि बाकीची बोटं, भरल्या गाडीत जागा न मिळालेल्या माणसांसारखी, एकमेकांच्या अंगावर चढून बसली होती. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं मी भिंतीच्या भरवशावर टाकायचो. तिथून पुढं उत्रोलीहून भोरच्या कचेरीपर्यंत रोजचं पायी जाणं होतंच. माझ्या उजव्या वहाणेच्या पट्ट्याला मी विळ्यानं भोक पाडलं होतं, म्हणजे गाठीला मोकळं बसता यावं. त्या भोकातून गाठ बाहेर बघायची आणि कचेरीतले सोबती तिला नमस्कार करून मग मला करायचे.

हे सगळं मी हसून सोसत होतो. पण त्या वर्षी माझ्या थोरल्या मुलीला राजगडाखालच्या पाली गावचं स्थळ आलं. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी, मुलगा सहावीपर्यंत शिकलेला. मुलाकडची माणसं मुलगी बघायला आली तेव्हा मी अंगात कसर आहे असं सांगून दोन तास पायांवर घोंगडी ओढून बसलो होतो. मुलगी त्यांना पसंत पडली. आता रिवाजाप्रमाणे आम्ही घर बघायला जायचं होतं, आणि सगळं जमलं तर तिथंच सुपारी फुटायची होती. निघायच्या आधी मुलीला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती चुलीकडं बघत म्हणाली, "घर बघून या." एरवी माझ्याशी अर्धा अर्धा तास वाद घालणारी मुलगी एवढंच म्हणाली, तेव्हा मला कळलं की मुलगा तिच्या मनात भरला आहे.

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मध्यस्थ होता. तो माझ्या पायांकडं बघून म्हणाला, "दाजी, घोंगडी काय पालीपर्यंत न्यायाची हाय? आवं, मानूस बैल घेताना आदी खूर बघतो. ही खोड पोरीतबी उतरंल म्हनले तर?"

झालं. हे वाक्य माझ्या डोक्यात किड्यासारखं शिरलं. काहीही करून पाय झाकणारा, झोकदार जोडा पाहिजे, असं मी ठरवलं.

आधी शहाण्या माणसासारखा मी भोरच्या पेठेतल्या जोडे शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडंच गेलो. त्यानं मला कागदावर उभं केलं आणि कोळशानं पायाभोवती रेघ ओढायला लागला. मी लाजेनं बोटं आत ओढून घेतली.

"भाऊसायब, पाय ढिला सोडा. जमीन मोजताना लोक जास्त दावत्यात, तुमी पाय मोजताना कमी दावताय."

"जरा नाजूक दिसला पाहिजे, बाबा."

"नाजूक नगं. पुढनं रुंद ठेवतो. कातडं मऊ. तळाला जुन्या घोंगडीचा तुकडा घालतो, म्हंजी खडा टोचनार न्हाई. आन् माप आज न्हाई घ्यायाचं, बाजारच्या दिवशी सांजच्याला या. दिसभर चालून पाय फुगल्यावर खरं माप गावतं."

"पण दिसेल कसा?"

म्हातारा कोळसा खाली ठेवून म्हणाला, "पायासारखा दिसंल."

पायासारखाच दिसायचा असेल तर जोडा कशाला हवा? मी कागद गुंडाळून त्याच्या हातात दिला, पुन्हा येतो म्हणालो आणि घरी जाऊन माळ्यावरच्या पेटीतून लग्नातला पंपशू काढला. काय सुंदर होता! टोकाला निमुळता, वर छोटीशी फीत. दुसऱ्या दिवशी पुण्याला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरजवळ तो दिला आणि "अगदी असाच, नवा" अशी चिठ्ठी लिहिली. त्या क्षणी मला खरोखर असं वाटत होतं की जोडा वीस वर्षांपूर्वीचा आला म्हणजे पायही मागं सरून तितके होतील.

जोडा आला. काळा कुळकुळीत. त्यात भांग पाडावा इतका चकचकीत. पायात मात्र शिरेना. बायकोनं टाचेला एरंडेल चोळलं, मागं पळीचा दांडा घातला, माझ्या गुडघ्यावर आपला गुडघा टेकवला आणि जोर लावला.

"आवं, पाय घालताय का पोत्यात भात भरताय?"

"तू ढकल."

"ढकलते. पन निघंल कसा ह्याचा इचार केलाय?"

"काढायचाय कुणाला?" मी ऐटीत म्हणालो.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मूर्ख वाक्य कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

पहाटे बैलगाडी जुंपली. जोडा घालायला बायको लागत असल्यानं तो मी घरूनच घालून निघालो. नसरापूर येईपर्यंत पायांत मुंग्या होत्या. मुंग्यांच्या पुढं कळा आल्या, आणि वेल्ह्याच्या रस्त्याला लागल्यावर पाय माझे आहेत की गाडीचे हे मला सांगता येईना. मेहुण्यानं विचारलं, "दाजी, घाम का आलाय? माघाचा म्हयना हाय." मी म्हणालो, "ऊन लागतंय." त्यानं धुक्याकडं बघितलं आणि आपली घोंगडी अंगाभोवती घट्ट ओढली.

दुपार कलताना पालीच्या शिवेवर ओढा लागला. गाडी तिथंच सोडून पुढं चालायचं होतं. किती असेल ते अंतर? पाच-सहा शेतं. मी ते कसा चाललो ते मेहुण्यानं पुढं कित्येक वर्षं लग्नाकार्यात पंगत बसली की करून दाखवलं, आणि लोकांनी त्याला आग्रहानं दुसऱ्यांदा करायला लावलं. पण जोडे चमकत होते. बांधावरची पोरं माझ्याकडं नाही, त्यांच्याकडं बघत होती. म्हटलं, जमलं. मुलीचं नशीब या दोन पंपशूंनी तारलं.

आणि मग मी पाहुण्यांच्या अंगणात शिरलो, आणि मला दिसलं, की दारातल्या दगडाशी मुलाचा बाप पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन उभा आहे.

पाय धुवायला!

बेचाळीस वर्षं ह्याच मुलखात काढली. पाहुणा आला की दारात पाय धुतल्याशिवाय तो ओसरीवर चढत नाही, हे मी चालायला शिकलो तेव्हापासून बघत होतो. आदल्या महिन्यात हीच माणसं माझ्या दारात आली तेव्हा पाय धुवायला पाणी द्या म्हणून घोंगडीत बसल्या बसल्या मीच ओरडलो होतो. आणि जोड्याची तयारी करताना तीन आठवड्यांत हे एकदाही माझ्या टकुऱ्यात आलं नाही.

"घ्या पावनं, पाय धुवा," मुलाचा बाप म्हणाला.

मेहुणा वहाणा काढून पाय धुऊन मोकळा झाला. मी दगडाजवळ उभा.

"राहू द्या. माझे पाय स्वच्छच आहेत."

त्यानं वाटेकडं बघितलं. "आमच्या वाटंची धूळ लागली न्हाई व्हय तुमाला?"

"तसं नाही. मला पाणी जरा सोसत नाही."

आता असं बोलायचं काही कारण होतं का? दारातलं पाणी नाकारणं म्हणजे घर नाकारणं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुलाच्या बापाचा चेहरा उतरला. त्यानं तांब्या सावकाश खाली ठेवला.

"आमचं पानी सोसत न्हाई," तो म्हणाला. "मग पोरगी कशी देनार आमच्यात? ती काय भोरावनं घागर घिऊन येनार?"

अंगणातल्या चारपाच माणसांनी हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघितलं. ओसरीच्या कोपऱ्यात मुलाच्या बापाची थोरली आत्या तांदूळ निवडत बसली होती, तिचंही सूप थांबलं. आत पडवीत सुपारीचं ताट ठेवलेलं मला दिसत होतं, आणि का कोण जाणे, चुलीकडं तोंड करून "घर बघून या" म्हणणारी मुलगी त्याच्या पलीकडं बसली आहे असं वाटलं.

मेहुणा माझ्या कानाशी लागला. "दाजी, काडा ती पायतानं!"

"निघत नाहीत."

"आँ?"

"अरे, जोडा निघत नाही!" हे मी हळूच सांगायला गेलो, पण त्याच वेळी पायातून अशी कळ आली की वाक्य थेट गोठ्यापर्यंत ऐकू गेलं.

गोठ्यातूनच मुलगा बाहेर आला. हात पुसले, कुणाला काही विचारलं नाही, मला दगडावर बसवलं आणि उजवा पंपशू दोन्ही हातांनी धरला. "मामा, पाय ढिला सोडा. मामांना मागनं धरा रं कुनीतरी." मेहुण्यानं मला काखेत धरलं. एक ओढ, दोन ओढी. तिसऱ्या ओढीला जोडा सुटला आणि मुलगा जोड्यासकट वैरणीच्या भाऱ्यावर उताणा पडला. डाव्याला फीत तुटली, टाच उसवली, पण तोही निघाला.

पाय उघडे पडले. लाल, सुजलेले, गाठींनी भरलेले. सगळे वाकून बघत होते. मी मान खाली घातली आणि मनात म्हटलं, संपलं.

मुलानं तांब्या उचलला, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि हलक्या हातानं ते धुवायला लागला. मी घाबरून पाय ओढायला लागलो. लग्नात बापानं जावयाचे पाय धुवायचे असतात. इथं सुपारीसुद्धा फुटायच्या आत मुलगाच माझे धूत होता.

"अरे, उलटं होतंय हे!"

"हू द्या, मामा," तो म्हणाला. "सुलटं आपन नंतर करू."

त्याचा बाप माझ्याशेजारी उकिडवा बसला. त्याच्या तोंडावरचा राग कुठल्या कुठं गेला होता. "आवं, पाय दुखत्यात म्हना की! आमाला वाटलं, कचेरीतला मानूस, जोड्यावनं खाली उतरत न्हाई."

आत्याबाईंनी निरगुडीचा पाला गरम करायला सांगितला. फडक्यात बांधून दोन्ही पायांवर शेक दिला, तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

पुढं मी पेठेतल्या त्या म्हाताऱ्याकडं गेलोच. बाजारच्या दिवशी, संध्याकाळी, फुगलेले पाय घेऊन. त्यानं माझा कागद जपून ठेवला होता. तो चुलीत घातला आणि नवा काढला. जोडा त्यानं केला तो पुढून रुंद, आत घोंगडीचा तुकडा, आणि मी न सांगता कडेनं लाल दोऱ्याची बारीक वेलबुट्टी घातलेला. मी तो घालून कचेरीत गेलो तर हेडकारकुनांनी, ज्यांच्या पायाला काहीही झालेलं नव्हतं, म्हाताऱ्याला तसाच जोडा स्वतःसाठी करायला सांगितला. पायासारखा दिसणारा जोडा इतका देखणा असू शकतो हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं, पण मी ऐकलं नव्हतं.

पण हे नंतरचं. त्या दिवशी सुपारी अजून ताटातच होती. पाय शेकून झाले, चहा झाला, आणि मुलाच्या बापानं खाकरून मेहुण्याला विचारलं, "हे पायाचं... वंशाचं तर न्हाई न्हवं?"

हाच प्रश्न चुकवायला मी पुण्याहून जोडे आणले होते. मी काहीतरी बोलणार, एवढ्यात ओसरीवरून आत्याबाई बोलल्या.

"पायाचं काय घिऊन बसलास? पाय माजंबी दुखत्यात, तुजंबी दुखतील." मग मेहुण्याकडं वळून त्यांनी विचारलं, "पावनं, खरं सांगा. पोरगी डोक्यानं कुनावर गेलीया? आईवर का बापावर?"

"आईवर," माझा मेहुणा, म्हणजे त्या आईचा भाऊ, क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला. "अक्षी आईवर."

"मग फोडा सुपारी," आत्याबाई म्हणाल्या. "बापावर गेली आसती तर म्या न्हाई म्हनले आसते."