कोरसमधली रिकामी ओळ

तन्वी, ओंकार,

दर रविवारी मी तुम्हाला ईमेल पाठवते. इंग्रजीत, परिच्छेद पाडून, शेवटी इथलं, अर्विंगचं हवामान. हे पत्र तसं नाही. हे मी मराठीत लिहिते आहे, आणि हाताने. तुम्हाला मराठी बोललेलं कळतं पण वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणजे हे तुमच्या आईलाच वाचून दाखवावं लागेल. तसंच व्हावं म्हणून मराठीत लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे, ते पुढे येईल.

जे सांगणार आहे ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही. आता का? तन्वी, तू बेलव्ह्यूहून डार्ला हटनची नवी सीडी पाठवलीस म्हणून. आणि तिच्यामागोमाग या शनिवारची तिकिटं. "आजी, तू आणि आई दोघी जा. शो झाल्यावर बॅकस्टेज तिला भेटता पण येतं!" किती उत्साहाने सांगत होतीस. तुझी काहीच चूक नाही. तुला काय माहीत?

डार्ला हटन आता पंचाहत्तरीची आहे. एके काळी टेक्सासमधल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर तिची गाणी वाजायची — अर्धी कंट्री, अर्धी पॉप. मग तिचा आवाज बसला, लोक विसरले, वीस वर्षं नवं काही आलं नाही. आणि आता हा अल्बम. तुमची आई तो घरी नाही ऐकत, गाडीत ऐकते. शनिवारी ग्रोसरीला जाताना मी तिच्या शेजारी असते. माझा सीटबेल्ट तीच लावते, क्लिक झालं का ते ओढून बघते, आणि मग गाणं सुरू करते. मी आता गाडी चालवत नाही. इथले सिग्नल केवढे लांब, तुम्हाला माहीत आहे. मी कुठे जाणार?

तिसरं गाणं एका मुलीबद्दल आहे. त्याच्या कोरसमध्ये डार्ला एक ओळ गाते आणि गप्प होते. गिटार चालू राहते, आवाज नाही. मग पुढची ओळ गाते. मधली एक ओळ तिने रिकामी सोडली आहे. पहिल्यांदा ऐकतानाच तुमच्या आईने ती ओळ भरली — शब्द नव्हतेच, नुसता आकार लावला, वरच्या पट्टीत, बरोबर जिथे हवा तिथे. आणि म्हणाली, "आई, इथे सेकंड व्हॉइस हवाच होता ना? का सोडला असेल गं?"

मी पर्समधून सामानाची यादी काढून वाचायला लागले.

का सोडला, ते डार्लाने मागच्या महिन्यात रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितलं. आम्ही दोघी टेबलाशी मेथी निवडत होतो. ती म्हणाली, खूप वर्षांपूर्वी वेस्ट टेक्सासमध्ये कुठल्याशा काउंटी फेअरमध्ये एक मुलगी ऐकली होती, कमरेपर्यंत काळी वेणी. तिला उन्हाळाभर माझ्याबरोबर गायला बोलावलं. पण तिने फोनवर, शाळेतल्या बाईंसारख्या इंग्रजीत, मला गायचं नाही म्हणून सांगितलं. नावही आता आठवत नाही. पण ती ओळ तिची आहे.

तुमची आई एकदम हसली. चाळीस वर्षांचं कोडं सुटावं तशी. "बघ! म्हणजे तिला दुसरीच कुणीतरी आवडली होती. मेक्सिकन असेल, तिकडे सगळ्यांच्याच वेण्या. आणि मी वेडी फोनपाशी बसून होते!"

मी म्हटलं, "असेल."

काड्या कुठे, पानं कुठे, मला दिसत नव्हतं. सगळी मेथी पुन्हा निवडावी लागली.

दुसरी कुणीही नव्हती. मंजिरीच होती ती, तुमची आई. आणि फोनवरची — पण क्रमाने सांगते. मला क्रम सोडून बोलता येत नाही.

तेव्हा आम्ही वेस्ट टेक्सासमधल्या एका लहान गावात राहत होतो. तुमचे आजोबा तिथले सर्जन. मराठी माणूस भेटायला चार तास गाडी चालवावी लागायची. मंजिरी सहा वर्षांची झाली तेव्हा मी तिला पेटीवर गाणं शिकवायला लागले. रोज सकाळी, स्कूल बस येण्याआधी एक तास. रडायची, मी सोडायची नाही. सा नीट लागल्याशिवाय दूध नाही. मला माझ्या बाईंनी जसं शिकवलं तसंच मी तिला शिकवलं. हेही शिकवलं, की ज्याच्याकडून गाणं घेतलं त्याचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचा. लहानपणी ती फार गंभीरपणे लावायची. "माझी आई," म्हणायची आणि कान धरायची. पाहुण्यांना हसू यायचं.

ती सतरा वर्षांची असताना गावच्या फेअरमध्ये गायली. दुपारची वेळ, ट्रकच्या फळ्यांचं स्टेज, शेजारी गाईंचं प्रदर्शन. संध्याकाळी डार्ला हटनचा कार्यक्रम होता, म्हणून ती आधीच आली होती आणि मानेभोवती ओला टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसली होती. मंजिरीने एक कंट्री गाणं म्हटलं. पण त्या गाण्यातली प्रत्येक मींड — एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची ती तऱ्हा — माझी होती. आमच्या स्वयंपाकघरातली होती. डार्ला उठून उभी राहिली, मी पाहिलं.

गाणं संपल्यावर सूत्रसंचालकाने विचारलं, नाव काय? ती म्हणाली, "मॅंडी." असं गायला कुणी शिकवलं? ती म्हणाली, "कुणी नाही, सर. रेडिओ ऐकून."

लोकांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. इस्त्रीची साडी नेसून, त्या धुळीत.

आज मला कळतं. सतरा वर्षांच्या मुलीने त्या गर्दीला काय सांगायचं होतं? पेटी? बिलावल? माझी आई, ती बघा, ती साडीतली? मला तेव्हाही कळलं असतं, जर मी कळून घेतलं असतं. पण माझ्या कानात एवढंच राहिलं — कुणी नाही.

डार्लाने आमचा नंबर कागदी प्लेटवर लिहून घेतला. "सोमवारी फोन करते, हनी. तुझ्या आईबाबांशीही बोलते." मंजिरीने तो रविवार कसा काढला ते मी पाहत होते. ती चालत नव्हती, तरंगत होती.

सोमवारी सकाळपासून ती फोनपाशी होती. दोन वाजता मी तिला दह्यासाठी दुकानात पाठवलं. हे मुद्दाम नव्हतं, एवढं तरी — नाही. बाजू मांडायची नाही असं मी ठरवलंय.

फोन वाजला. "मॅंडी?"

आमचे आवाज फोनवर सारखे यायचे. तुमचे आजोबासुद्धा हॉस्पिटलमधून फोन केला की आधी विचारायचे, कोण बोलतंय? मी म्हणू शकले असते, मी तिची आई. आणि आई म्हणून नाही म्हणू शकले असते. मुलगी सतरा वर्षांची, बसमधून गावोगाव फिरायचं, बरोबर अनोळखी पुरुष, शिवाय फार्मसीची ॲडमिशन झालेली. कुठल्याही आईने नाही म्हटलं असतं. मग मंजिरी माझ्यावर ओरडली असती, दारं आपटली असती, महिनाभर बोलली नसती. पण तिला कळलं असतं की तिला बोलावणं आलं होतं.

मी म्हटलं, "येस, स्पीकिंग."

हाच तो कबुलीजबाब. एवढाच. पुढचं सगळं त्यातून आलं. मी मंजिरी होऊन सांगितलं, की मला गाण्यात रस नाही, कृपया इथे पुन्हा फोन करू नये. नागपूरच्या कॉन्व्हेंटचं माझं इंग्रजी, त्यात एकही वाक्य अडखळत नाही. हे मराठीत लिहिण्याचं दुसरं कारण तेच. इंग्रजीत माझी वाक्यं फार लवकर नीटनेटकी होतात.

पलीकडून डार्ला म्हणाली, "शुअर ना, हनी? तुझ्यात काहीतरी आहे." मी म्हटलं, शुअर.

काळजीपोटी केलं असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं! बस, पुरुष, महाराष्ट्र मंडळातले लोक काय म्हणतील. पण काळजीने केलं असतं तर मी आई म्हणूनच बोलले असते ना? तिचं नाव का घेतलं? ती "कुणी नाही" म्हणाली म्हणून. मी कुणी नाही, तर मग तूही कुणी नाहीस. इतकं क्षुद्र होतं ते. इतकं लहान.

ती दही घेऊन आली. "फोन आला?"

"नाही."

त्यानंतर ती किती दिवस घराबाहेर पडली नाही, मला मोजवत नाही. अंघोळीला जाताना फोनची लांब वायर ओढून दाराशी आणून ठेवायची. संध्याकाळी विचारायची, मी नाही म्हणायची, भाजी परतायची. ऑगस्टमध्ये तिने माझ्या शिवणाच्या कात्रीने वेणी कापली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या मशीनवर ठेवली. "फार गरम होतं," म्हणाली. मग कॉलेजला गेली. पेटी उघडली नाही.

तुम्ही लहान होतात तेव्हा ती अंगाई म्हणायची नाही, कॅसेट लावायची. आठवतं? तुम्हाला वाटायचं आईला गाता येत नाही. ओंकार, शाळेच्या बॅंडमध्ये तुला घेतलं नाही तेव्हा तुला जवळ घेऊन ती म्हणाली होती, "होतं असं, राजा. मलाही एकदा वाटलं होतं मी फार भारी आहे. नव्हते." मी तिथेच होते, कपड्यांच्या घड्या घालत. तेव्हा बोलायला हवं होतं. त्याआधीही. त्यानंतरही. प्रत्येक वर्षाने दार थोडं थोडं लोटलं गेलं, आणि ते आतून लोटणारी मीच होते.

सगळ्यात कठीण काय, ते सांगते. दहा वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीसाठी मुलांची गाणी बसवायला कुणी मिळेना, म्हणून मंजिरी तयार झाली. तेव्हापासून दर वर्षी बसवते. आणि दर वर्षी पडदा उघडला की माइक हातात घेऊन म्हणते, "हे सगळं मला माझ्या आईने दिलं." कानाच्या पाळीला हात लावते. सगळे काका-काकू मागे वळून बघतात, टाळ्या वाजवतात. मी पहिल्या रांगेत असते, तिने माझी खुर्ची तिथेच ठेवलेली असते. मी हात जोडते. मला जे हवं होतं ते मला दर वर्षी भर सभेत मिळतं, आणि ते संपेपर्यंत मला उठता येत नाही.

परवा, शनिवारी, बॅकस्टेज, तुमची आई सांगणारच की तुम्ही आला होतात त्या फेअरमध्ये मीही एकदा गायले होते. डार्ला तिच्याकडे बघेल. मग फोनची गोष्ट निघेल. मंजिरी म्हणेल, मी तर फोनवर बोललेच नव्हते. आणि दोघी माझ्याकडे वळतील. त्या भीतीने सांगते आहे का? हो, तेही आहे. ते झाकून मला चांगलं दिसायचं नाही.

आज गुरुवार. सहा वाजता ती कामावरून येईल, तेव्हा हे पत्र तिच्या हातात देईन. ती चहा घेईपर्यंत थांबणार नाही. थांबले की राहून जातं, हे मला माहीत आहे. हे तुम्हाला वाचून दाखवायचं की फाडून टाकायचं, शनिवारी जायचं की नाही, मला न्यायचं की नाही, डार्लाला काय सांगायचं — ते ती ठरवेल. एकदा तिच्या नावाने मी ठरवलं होतं. तुमच्या कानांवर हे पडत असेल तर ते तिच्या आवाजात पडतंय.

अजून एक. त्या दिवशी फेअरमध्ये तुमच्या आजोबांनी टेपरेकॉर्डर नेला होता. ती टेप घर बदलताना हरवली असं मी सगळ्यांना सांगितलं. हरवली नाही. माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली आहे. काल दुपारी लावून पाहिली. मागे गाई हंबरतात, मधे कुणीतरी खोकतं. गाणं पूर्ण आहे.