बालआसन पक्के बसवण्याची रीत

माझ्या मोटारीच्या मागच्या सीटला पट्टे आहेत, हे मला मोटार घेतल्यानंतर चार वर्षांनी समजले.

समजण्याचे निमित्त माझी नात. रेवा तेव्हा सात महिन्यांची होती. तिची आई, म्हणजे माझी मुलगी नंदा, चंद्रपूरला एका रुग्णालयाच्या अपघात विभागात परिचारिका आहे. तिची रजा संपत आली होती. सोमवारी कामावर रुजू व्हायचे, म्हणून रविवारी पहाटे आमच्या कुरखेड्याहून निघायचे, असे ठरले. जावई घुग्घुसला कोळशाच्या खाणीत आहेत. पाळी बदलून न मिळाल्यामुळे त्यांना न्यायला येता आले नाही; त्यांनी स्वतःऐवजी एक मोठे खोके पाठवले. खोक्यात बालआसन होते. (घरात सगळे त्याला ‘खुर्ची’ म्हणत. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे मला तसे म्हणता येत नाही.)

नंदाची अट एकच होती. “बाबा, खुर्ची पक्की बसली पाह्यजे. हलली तं मी रेवाले गाडीत बसवणार नाई. मंग सोमवार हुकला तरी हुकू दे.”

“कायले पाह्यजे ते खुर्ची?” माझी पत्नी शकुंतला म्हणाली. “माही मांडी काय झिजली का? तुले बी मांडीवरच आणलं होतं मामाच्या गावाहून. ट्रकमंदी.”

नंदा रेवाचे कपडे घडी घालत होती. ती तशीच खाली पाहत म्हणाली, “आई, गाडी जोरानं थांबली का मांडीवरचं लेकरू कोणाच्याच हातात राह्यत नाई. कितीबी घट्ट धर. वॉर्डात पाह्यते ना मी ते.”

शकुंतलेने रेवाला उगीचच जवळ ओढून घेतले. अशा वेळी पुढे होऊन जबाबदारी घेण्याची मला जुनी सवय आहे. मी म्हणालो, “हे काम माझ्याकडे.”

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर मी बालआसनासोबत आलेली पुस्तिका दोनदा वाचली, महत्त्वाच्या वाक्यांखाली तांबड्या पेन्सिलीने रेघा मारल्या आणि पायऱ्यांना क्रमांक दिले. मग लुंगी खोचून, विजेरी घेऊन मी गाडीत शिरलो. पहिल्या पायरीप्रमाणे मागच्या सीटचा पट्टा ओढला. तो आला. दुसऱ्या पायरीप्रमाणे तो खटक्यात अडकवायचा होता. खटका कोठेच नव्हता.

अर्धा तास मी शोध घेतला. शेवटी सीटवर तळहात दाबत गेलो, तेव्हा काहीतरी टणक लागले. गाडी घेतली त्याच दिवशी आम्ही हौसेने तपकिरी रंगाची, सोनेरी दोऱ्याची कव्हरे चढवून घेतली होती. चढवणाऱ्याने मागचे तिन्ही खटके नीट आडवे करून कव्हराखाली गाडून टाकले होते! म्हणजे इतकी वर्षे आम्ही आमच्या सुरक्षिततेवर बसून प्रवास केला होता.

मी खडूने खुणा केल्या. पट्टीने अंतर मोजले. चार बोटे लांबीची एक सरळ चीर पुरेशी होती. भूमितीत माझे काहीही चुकले नाही; कात्री चुकली. ती सुरू झाली ती थांबेना, आणि आतला पांढरा स्पंज बाहेर डोकावू लागला.

“अजी,” खिडकीशी शकुंतला येऊन उभी होती, “थे कव्हर मी पसंत केलं होतं.”

“खटका सापडला,” मी म्हणालो.

“दिसून राह्यलं.”

तासाभराने बालआसन जागेवर होते. नंदा रेवाला कडेवर घेऊन तपासायला आली आणि दारातच थबकली.

“बाबा, तोंड समोर काऊन केलं?”

“रस्त्याने जंगल लागते,” मी समजावून सांगितले. “साग, मोह, ऐन. निरीक्षणाची सवय लहानपणीच लागते.”

“सात महिन्याचं लेकरू हाये ते. तिची पाठ समोर पाह्यजे अन् तोंड मांगं. मान कच्ची असते, डोकं जड असते. ब्रेक लागला का खुर्चीच्या पाठीनं सगळं अंग झेललं पाह्यजे.”

मी एकतीस वर्षे जडत्व शिकवले आहे. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणे, पुठ्ठ्याला टिचकी: हा प्रयोग मी इतक्या वेळा केला की टिचकी मारून माझ्या बोटाला घट्टा पडला. धावत्या गाडीतली वस्तू पुढेच जाऊ पाहते, हे मी किती मुलांकडून घोकून घेतले! पण आपली नात ही जडत्वाच्या दृष्टीने एक वस्तू आहे, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

“मंग समोरच्या सीटवर ठेवा,” शकुंतलेने मार्ग सुचवला. “आज्याच्या बाजूनं राहीन.”

“समोर एअरबॅग हाये आई. ते फुटली तं सरळ खुर्चीवर आदळते. लेकराले मांगंच ठेवा लागते.”

मी बालआसन वळवले, पट्टा पुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे ओवला, खटका वाजला. नंदाने दोन्ही हातांनी आसन धरून हलवले. ते पाळण्यासारखे झुलले.

“बोटभरच्या वर हलू नाई,” ती म्हणाली. “हे वीतभर चाललं.”

पुढचे दोन तास मी तपशिलात सांगत नाही. आसनाखाली मी एक दुलई घातली, नंदाने काढली. इयत्ता नववीच्या विज्ञानाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांच्या सहा प्रती पाचरीसारख्या ठोकल्या, त्याही निघाल्या. शेवटी मी आसनाला नायलॉनची दोरी गुंडाळून ती पुढच्या सीटच्या मानेला बांधली.

“बाबा, दोरी सोडा,” नंदा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तिने फोन हातात घेतला होता. “मी वॉर्डच्या मोठ्या सिस्टरले कळवते, सोमवारी जमत नाई म्हणून.”

“अजून उजेड आहे,” मी म्हणालो.

“उजेडाचा काय संबंध?”

संबंध नव्हता. नंदाला त्या नोकरीवर पहिल्या दिवशी सोडायला मीच गेलो होतो. आणि आता माझ्या गाडीत, माझ्या हातून खुर्ची बसत नाही म्हणून ती रुजू होऊ शकणार नव्हती. (पाहा, मीसुद्धा ‘खुर्ची’ म्हणू लागलो होतो.)

इतक्यात दामोदर आला. दामोदर माझा मेहुणा. त्याचे धान निघाले होते, चुरणी, म्हणजे मळणी, चालू होती आणि केसांत तणसाच्या काड्या घेऊनच तो भाचीला निरोप द्यायला आला होता. शाळेशी त्याचा संबंध चौथीपर्यंत टिकला, तोही गुरुजींच्या सौजन्याने.

“काय करून राह्यले भाऊजी? गाडीत घरटं बांधलं का?”

“बालआसन बसवतो आहे. पान सातवरच्या पाचव्या पायरीत असे म्हटले आहे की—”

“सरका जरासे.”

“दामोदर, याला पद्धत आहे.”

“हो हो. सरका.”

मी सीटच्या पलीकडल्या टोकाला सरकलो आणि गुडघ्यांवर बसून, शिक्षकाच्या नात्याने, विजेरी धरून राहिलो. दामोदरने आसनाकडे पाहिले, पट्ट्याकडे पाहिले, खटका दाबून पट्टा मोकळा केला, पुन्हा लावला. मग त्याने उजवा गुडघा उचलून आसनाच्या मधोमध रोवला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. स्पंज फुस्स करून दबला. सैल झालेला पट्टा त्याने दोन झटक्यांत खेचून घेतला. गुडघा काढला. बोटे झटकली.

“पाह्य नंदे.”

नंदाने पट्टा जिथून जातो तिथेच आसन धरले आणि ओढले. आसन हलले नाही. गाडी हलली.

मी माझ्या आयुष्यात काही मोठ्या गोष्टी पाहिल्या आहेत. खग्रास ग्रहण पाहिले आहे. पूर आलेली वैनगंगा काठावरून पाहिली आहे. त्या वेळी जसे तोंड उघडे राहिले होते तसेच ते आता राहिले. ज्यापुढे सहा पाठ्यपुस्तके, एक दुलई आणि एक पदवी हरली, ते एका गुडघ्याने केले होते!

“कुठी शिकला तू हे?” शकुंतलेने भावाला विचारले.

“शिकाचं काय त्यात? धानाचा भारा आवळताना गुडघा नाई लावला तं घरी येईपर्यंत भाऱ्याच्या पेंड्या होते. आधी दाबाचं, मंग आवळाचं. भाऊजी आवळत होते, दाबत नोयते.”

मी बाहेर येऊन त्याचा हात हातात घ्यावा म्हणून उठू लागलो. उठता आले नाही. माझ्या लुंगीचे एक टोक आसन आणि सीट यांच्यामध्ये गेले होते आणि दामोदरने आवळलेली वस्तू सुटत नाही.

“खटका सोड,” मी म्हणालो.

“सोडू नका मामा,” नंदा म्हणाली. “जरा थांबा. इतकं चांगलं पुन्हा बसन का?”

“अगं, माझी लुंगी—”

“तुमची लुंगी कुठी पळून नाई चालली, बाबा.”

ते तर मलाही दिसत होते. एव्हाना कुंपणाशी शेजारपाजारची मंडळी जमली होती. त्यांत माझे तीन माजी विद्यार्थी होते. ते वर्गात कधी उभे राहिले नव्हते इतके शिस्तीत उभे होते. शकुंतला घरात गेली आणि माझी पॅन्ट घेऊन आली. ती खिडकीतून आत देताना तिने आधी कुंपणाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

बालआसनाशेजारी, मोटारीच्या तेवढ्याशा जागेत मी पॅन्ट कशी चढवली, हे सांगण्यासारखे नाही. लुंगी मात्र तिथेच राहिली. आणि मग नंदानेच निकाल दिला, “मामा, सोडाच लागते. खुर्चीखाली कपडा चालत नाई.”

दामोदरने खटका सोडला, मी लुंगी काढून घेतली, आणि सगळे श्वास रोखून पाहू लागले. पुन्हा गुडघा. पुन्हा फुस्स. पुन्हा दोन झटके. आसन पहिल्यापेक्षाही घट्ट बसले. एकदा घडते तो योगायोग आणि पुन्हा करून दाखवता येते ते शास्त्र, हे वाक्य मी फळ्यावर कित्येकदा लिहिले आहे. ते खरे असल्याचे मी प्रथमच पाहिले. नंदाने फोन ठेवून दिला.

रविवारी पहाटे धुके होते. शकुंतलेने रेवाला दोन स्वेटर, वर एक दुपटे असे बांधून आणले.

“स्वेटर काढ आई,” नंदा म्हणाली. “जाड कपड्यावरून पट्टा घट्ट वाटते, पण आत जागा राह्यते. लेकरू सटकून जाते. पहिले पट्टा लाव, मंग वरून पांघरूण.” पट्ट्यांमध्ये चिमूट घेता येत नाही ना, ते तिने रेवाच्या खांद्याशी बोटांनी पाहिले. मग तिने किल्ली माझ्या हातातून घेतली. “गाडी मी चालवते. तुम्ही तिच्याजवळ बसा. पट्टा लावा. आई, तू समोर बस, अन् पट्टा तूबी लाव.”

मी पट्टा लावला. शकुंतलेने तोंड वाकडे करून लावला. फाडलेल्या कव्हरातून स्पंज माझ्या मांडीला टोचत होता, पण खटका वर होता.

देसाईगंजच्या रस्त्याला लागल्यावर दोन्ही बाजूंनी जंगल सुरू झाले. रेवा मागच्या काचेकडे तोंड करून, म्हणजे जवळजवळ माझ्याकडेच तोंड करून, कधी झोपली ते कळले नाही. एका वळणानंतर धुके दाट झाले. पुढच्याच क्षणी नंदाने ब्रेक मारला.

माझे दोन्ही हात आपोआप रेवाकडे झेपावले. पट्ट्याने मला छातीशी धरले आणि हात वीतभर अलीकडेच थांबले. आसन मात्र तसूभर सरकले नाही. त्याच वेळी गाडीत एक बारीक, लांब किंकाळी उमटली.

मग सर्व शांत झाले, कारण समोर हत्ती होते.

गेली काही वर्षे कापणीच्या दिवसांत ते पूर्वेकडून आमच्या जिल्ह्यात येतात, हे मी वाचले होते. वाचणे आणि पाहणे यांत किती अंतर असते, हे मला आदल्या दिवशीच कळले होते. तरी मी नव्याने थक्क झालो. धुक्यातून एकेक राखाडी भिंत चालत येत होती आणि आवाज नव्हता. मध्ये दोन माद्या अंगाला अंग लावून चालल्या होत्या. त्यांच्या फटीतून पिल्लाचे फक्त पाय दिसत होते. इतके घट्ट, की त्यालाही पडायला जागा नव्हती. शेवटच्या हत्तीने आमच्याकडे एक कान वळवला, विचार केला आणि तो जंगलात उतरला. शकुंतलेचे हात जोडलेलेच होते.

शेवटचा हत्ती दिसेनासा झाल्यावर नंदा बोलली. तिचे हात अजून स्टिअरिंगवर घट्ट होते आणि मागे वळून पाहायचा तिला धीर होत नव्हता.

“बाबा, रेवा ओरडली. लागलं का तिले कुठी?”

मी विजेरी लावून नीट पाहिले. रेवाची मान आसनात अलगद टेकलेली होती, मूठ गालाखाली होती आणि श्वास संथ चालला होता.

“झोपली आहे,” मी सांगितले. “तिला काहीही झालेले नाही. ती जागीसुद्धा झालेली नाही.”

नंदाने सुटकेचा श्वास टाकला. मग वरच्या आरशात तिचे डोळे मला दिसले.

“मंग ओरडलं कोण?”

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो की उत्तर थोडक्यात आणि अचूक द्यावे.

“मागच्या सीटवर आम्ही दोघेच आहोत,” मी म्हणालो, “आणि त्यांपैकी रेवा झोपलेली आहे.”