लेकीच्या बोटीचा तळ

गेल्या रविवारी जेवण उरकून लेकीला व्हिडिओ कॉल लावला, तर फोन जावयाने उचलला. मागे त्यांची बोट दिसत होती... पाण्यात नव्हे, यार्डात लाकडी ओंडक्यांवर चढवलेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझी मुलगी अश्विनी आणि जावई संग्राम इंग्लंडमध्ये कालव्यातल्या बोटीत राहतात. सात फूट रुंद, साठ फूट लांब, पोलादी बोट. शेगडी, बिछाने, बाथरूम आणि माझी चार वर्षांची नात, सगळं त्यात मावतं. आपल्याकडच्या चाळीतली खोली लांबट करून पाण्यात सोडावी, तसा प्रकार आहे.

दोन वर्षांपूर्वी ही जुनी बोट घ्यायचं चाललं होतं, तेव्हा अश्विनीने मला फोन केला. "पप्पा, पत्रा कसा आहे ते तुम्ही बघून सांगाल का?"

मी शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं फॅब्रिकेशनमध्ये काढली. साखर कारखान्यांच्या मळीच्या टाक्या केल्या, पत्रा म्हणजे माझा विषय. आणि खरं सांगायचं तर पोरगी कॉलेजला गेल्यापासून तिने मला कशातच काही विचारलं नव्हतं. शिक्षण, नोकरी, लग्न... सगळं तिचं तिने ठरवलं. त्या फोनने माझी छाती फुगली.

ती म्हणाली, इथे सर्व्हेअर मिळतो, तो बोट पाण्याबाहेर काढून मशीनने पत्र्याची जाडी मोजतो, त्याला बोलवू का?

"तिऱ्हाईत माणूस कशाला? मी हाय की," मी म्हणालो.

मग संग्रामला हातोडी घ्यायला लावली. तो तिकडे बोटीच्या कडेने ठोकत चालला आणि मी इकडे सोफ्यावर फोन कानाला लावून आवाज ऐकला. "पत्रा एक नंबर हाय. घ्या डोळं झाकून."

माझ्या धंद्यातला कुणीही हे वाचून कपाळावर हात मारेल. टाकी सडते ती तळातून. हे मीच प्रत्येक नव्या वेल्डरला पहिल्या दिवशी सांगायचो. बोटीचा तळ तर पाण्याखाली होता... मी ऐकला तो वरचा पत्रा. तळाचं आपल्याला काही समजलेलं नाही, हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

पण आम्हा कोल्हापूरकरांची एक खोड आहे. कुणी पत्ता विचारला तर ठाऊक नसला तरी हात करून सांगणार. पावण्याला ‘माहीत नाही’ म्हणून वाटेला लावायचं म्हणजे आम्हाला कमीपणा वाटतो. इथे तर पोटची पोर विचारत होती.

तर रविवारी बोट ओंडक्यांवर बघून मला वाटलं, रंगाला काढली असेल. तळाला दर दोन-तीन वर्षांनी डांबरासारखा काळा थर द्यावा लागतो, नाहीतर गंज धरतो. "खालनं दाखव की जरा," मी म्हणालो. संग्राम थोडा घुटमळला. मग वाकून फोन खाली नेला.

मागच्या अंगाला तळाला नवा पत्रा मारलेला. वेल्ड ताजा, अजून रंगही न लागलेला. इतका मोठा पत्रा कुणी हौसेने मारत नाही.

"हे कवा झालं?"

"मामा... अश्विनीनं सांगू नका म्हटलंतं."

तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी नात बिछान्यावरून खाली उतरली ती थेट पाण्यात. तळ काही ठिकाणी पापडाएवढा पातळ राहिला होता. बोट बुडायच्या आत ओढून काढता आली, एवढंच नशीब. तेव्हापासून तिघं एका मैत्रिणीच्या एका खोलीत राहतायत. कॉलवर अश्विनीच्या मागे भिंत दिसायची, तर म्हणायची बोटीत रेंज नाही, मैत्रिणीकडे आलेय. मी खरं मानलं... आणि रोज सकाळी रंकाळ्यावर मित्रांना सांगत राहिलो, नुसत्या आवाजावरून बोट पास केली म्हणून.

फोन ठेवून बायकोला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती डाळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "व्हय. तुमास्नी सांगून काय करायचं? तुमी आधी पत्र्याचीच बाजू घेतली असती."

बुधवारी मीच अश्विनीला फोन लावला. म्हणालो, चुकलं गं माझं. त्या दिवशी मला काहीच समजलं नव्हतं.

  ती म्हणाली, "पप्पा, पत्र्याचं काही नाही हो. मला एवढंच वाटतं, तुम्ही तेव्हाच तसं सांगितलं असतंत, तर मी तुम्हाला पुढेही विचारत राहिले असते."



कुणी जुनी बोट घेणार असाल तर ती पाण्याबाहेर काढा, तळ मोजून घ्या, आणि मोजणारा घरचा माणूस नको. बोट कशाला, जुनं घर, जुनी गाडी, सगळ्यालाच हे लागू आहे. आणि घरचा माणूस तुम्ही असाल, तर तिकडे हातोडी ठोकायच्या आधी आपली जीभ आवरा.

आता यार्डातलं काम संपत आलंय. पुढच्या आठवड्यात बोट पाण्यात जाईल, आणि ते काम एका सर्व्हेअरने तपासलंय, हे मला जावयाकडून कळलं. लेक मला रोज फोन करते. जेवलात का विचारते, बीपीची गोळी घेतली का विचारते... आणखी काही विचारेल म्हणून मी थोडा वेळ फोन धरून बसतो.