दादाला दिलेला होकार

गल्लीतल्या बायका तिला मावशी म्हणत. ब्लाउज शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण गाव सोडून एकटी ती कधी कुठे गेली नव्हती. सत्तावन्नाव्या वर्षी गेली, कारण जाणारं दुसरं कोणी उरलंच नव्हतं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. आणि पस्तीस वर्षांपूर्वी परमुलखातल्या काच कारखान्यात लागलेला तिचा सडाफटिंग दादा झटका येऊन तिथल्या दवाखान्यात पडलेला.

तीन गाड्या बदलायच्या होत्या. पहिल्याच स्टेशनावर ती दिसेल त्याला आपल्या भाषेत मोठमोठ्याने विचारत सुटली, जणू समोरचे बहिरे आहेत. तेवढ्यात गाडी सुटली. ती बाकावर बसली आणि चारचौघांत रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने विचारणंच सोडलं. तिकीट पुढे करायचं आणि माणसाचं बोट कुठे वळतं ते बघायचं. तिसरी गाडी अचूक सापडली, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं.

दादाने तिला लगेच ओळखलं. तिचा हात घट्ट धरून तो भडाभडा बोलायला लागला, पण तिथल्या भाषेत.

"दादा, अरे आपल्या भाषेत बोल ना."

तो थांबला. ओठ हलवले. पुन्हा तेच.

कारखान्यातला त्याचा जोडीदार त्याच्याकडूनच थोडं मोडकंतोडकं शिकला होता. तो म्हणाला, "डॉक्टर बोलला, लहानपणची भाषा गेली. नंतर शिकली, ती राहिली."

"परत येईल ना?"

"डॉक्टरला माहीत नाही."

जोडीदार पाळीवर निघून गेला आणि पुन्हा फिरकला नाही.

कारखान्याने तिला दहा दिवस खोली दिली होती. नर्सच्या मागे मागे फिरून, वस्तूंना बोट लावून तिने बावीस शब्द पाठ केले. उशी, खिडकी, दुखतं, पाणी. पण दादा काही नुसतं पाणी मागत नव्हता. दुपारी तो लांबलचक काहीतरी सांगायचा, मध्येच हसायचा, मध्येच डोळे पुसायचा. त्यात पाणी हा शब्द ऐकू आला की ती लगबगीने पेला पुढे करायची. तो मान फिरवायचा.

निघायच्या दिवशी त्याने तिला काहीतरी विचारलं. सावकाश, तीन वेळा, तिच्या डोळ्यांत बघत. बाविसांतला एकही शब्द त्यात नव्हता. ती त्याच्या भाषेत 'हो' म्हणाली. त्याचा चेहरा निवळला आणि त्याने डोळे मिटले.

परतीच्या तिन्ही गाड्या तिने न चुकता धरल्या. दीड महिन्याने फोन आला, दादा गेला.

"शेवटी काय म्हणाले गं तुला?" शेजारणीने विचारलं.

"काहीतरी विचारत होता. मी हो म्हणून आले."

"कुठल्या गोष्टीला?"

"तेच तर कळलं नाही," मावशी म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.